मागचा आंस

संसार हा रथ आणि पतिपत्नी हीं त्याचीं दोन चाकें, ही उपमा आपल्याकडे इतकी जुनी झाली आहे कीं, ती कानावर पडली तरी मनापर्यंत पोंचत नाहीं. लग्नाच्या मांडवांत चार आशीर्वादपर शब्द बोलावयास उभे राहिलेले गृहस्थ हटकून या दोन चाकांचा आश्रय घेतात, तीं सारखीं असावींत असें बजावतात, आणि टाळ्या घेऊन खालीं बसतात. त्या दोन चाकांच्या मध्यें कांहीं असतें कीं नाहीं, याची चौकशी कोणीं केल्याचें मात्र माझ्या ऐकण्यांत नाहीं. वस्तुतः दोन चाकें नुसतीं शेजारीं शेजारीं उभीं केलीं तर तीं दोन दिशांना घरंगळून जातील. त्यांना एकमेकांशीं बांधणारा, गाडीचें सारें ओझें अंगावर घेणारा आणि स्वतः सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणारा जो दांडा, त्याचें नांव आंस. रथाच्या उपमेंत त्याला जागा मिळूं नये, याचें मला नवल वाटतें.

आपल्या पूर्वजांचें त्याच्याकडे पुरेसें लक्ष होतें. संस्कृत ‘अक्ष’ या शब्दापासून मराठींत ‘आंख’ आणि ‘आंस’ अशीं दोन्ही रूपें आलीं. ज्या चालीनें कक्षेची काख झाली आणि कुक्षीची कूस झाली, तीच ही चाल. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६४ व्या सूक्तांत कालचक्राचें वर्णन आहे. सर्व भुवनें ज्यावर उभीं आहेत अशा त्या चक्राचा आंस एवढा भार वाहूनहि तापत नाहीं, असें तेथें कवि सांगतो. ही कल्पना सुचण्यासाठीं जड गाडीचा तापलेला आंस त्यानें केव्हां तरी हातानें चांचपून पाहिला असला पाहिजे. कैकेयीची गोष्ट तर आपण कीर्तनांतून ऐकतच आलों आहों. दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ ऐन युद्धांत निसटली, तेव्हां तिनें आपला हात घालून चाक सांवरलें, आणि त्याबद्दल मिळालेल्या दोन वरांनीं रामाला वनांत धाडलें. एका खिळीमुळें केवढें रामायण झालें!

खानदेशांत जन्मलेल्या माणसाला आंसाची ओळख पुस्तकांतून करून घ्यावी लागत नाहीं. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मध्यें तापीच्या कांठची काळीभोर सपाट जमीन. उन्हाळ्यांत तिला हात हात भेगा पडतात आणि पावसाळ्यांत ती बूट ओढून घेते. या जमिनीवरून कपाशीनें लादलेल्या गाड्या जळगांव, धुळें, अमळनेर येथील जिनिंगांकडे पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. माझे बालपण यावल तालुक्यांतल्या एका गांवांत गेलें. गाडीखालीं टांगलेला वंगणाचा नळा, त्यांतली काडी, आणि त्या काळ्या चिकट पदार्थानें कपडे माखले म्हणून खाल्लेला मार, हें सारें मला अद्याप स्पष्ट आठवतें. रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यानें जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती कोणाची हें वडील ओळखीत. ज्याचा आंस कोरडा करकरे, त्याच्या शेतीविषयीं आणि एकंदर व्यवहाराविषयीं त्यांचें मत फारसें चांगलें नसे.

बैलगाडीचा आंस फिरत नाहीं. तो गाडीच्या साटीखालीं घट्ट बसविलेला असतो आणि चाकें त्याच्या टोकांवर आपापल्या परीनें फिरतात. गाडी ओढण्याचा जोर चाकावर येत नाहीं. तो बैलांच्या खांद्यांवरून जूं आणि दांडी यांच्या वाटेनें सरळ साटीला मिळतो. आंसाला काम एकच, तें ओझें वाहण्याचें. इंग्रजी यंत्रशास्त्रांत अशा आंसाला ‘डेड’ म्हणजे निर्जीव म्हणतात, आणि जो चाकांना फिरविण्याची शक्ति पोंचवितो त्याला ‘लाइव्ह’ म्हणजे सजीव. नांव निर्जीव असलें तरी या व्यवस्थेचा एक मोठा गुण आहे. वळणावर बाहेरचें चाक जास्त वाट चालतें आणि आंतलें कमी. बैलगाडीचीं चाकें एकमेकांस बांधलेलीं नसल्यामुळें हा फरक तीं आपसांत, कोणाची तक्रार न येतां, मिटवून टाकतात.

पुढें आगगाडी आली. चाळीसगांवाहून धुळ्यापर्यंतचा फांटा १९०० सालीं सुरू झाला, आणि बैलगाडीच्या अगदीं उलट स्वभावाचा आंस धुळेकरांच्या दारांत येऊन उभा राहिला. आगगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर प्रचंड दाबानें घट्ट बसविलेलीं असतात. आंस फिरला कीं दोन्ही फिरतात, आणि दोन्ही सारख्याच वेगानें. मग ती वळणार कशी? यावरचा तोडगा फार सुंदर आहे. रुळावर टेकणारी चाकाची कड सपाट नसून किंचित् निमुळती केलेली असते. आंतल्या बाजूस चाकाचा घेर थोडा मोठा आणि बाहेरच्या बाजूस थोडा लहान. हा उतार पुष्कळ ठिकाणीं विसास एक इतका ठेवीत आले आहेत. वळण आलें कीं चाकांची जोडी आपोआप थोडी बाहेरच्या अंगास सरकते. त्यामुळें बाहेरचें चाक आपल्या मोठ्या घेरावर चालतें आणि आंतलें लहान घेरावर. फेरे दोघांचेहि सारखेच, परंतु वाट एकाची जास्त आणि एकाची कमी. फक्त वळण बेताचें असावें लागतें. गांवच्या गल्लींत आगगाडी वळत नाहीं याचें हें एक कारण आहे.

मोटारीपुढें या दोहोंपेक्षां अवघड कोडें होतें. तिला बैल नाहींत. ओढण्याचा जोर चाकांनाच द्यावयाचा. म्हणजे आंस सजीव हवा. आणि रूळ नाहींत. वाटेल तेथें वळावयाचें. म्हणजे चाकें स्वतंत्र हवींत. हें अवघड कां, तें थोड्या हिशेबावरून दिसेल. जळगांवच्या अजिंठा चौफुलीवर एक मोठी बस काटकोनांत वळते असें समजा, आणि तिच्या मागच्या डाव्याउजव्या चाकांत १.८ मीटर अंतर धरा. एवढ्या एका वळणांत बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां सुमारें २.८ मीटर जास्त चालावें लागतें. आंस आगगाडीसारखा अखंड असता, तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटत गेलें असतें, रबर झिजलें असतें आणि आंसालाच पीळ पडला असता.

या कोड्याचें उत्तर मोटारीच्या आधींच तयार होतें. पॅरिसमधील ओनेसिफोर पेकर नांवाच्या घड्याळजीनें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं त्याची मांडणी केली, आणि १८७७ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनें तीच युक्ति तीन चाकी पायगाडीला लावली. तिचें नांव डिफरन्शियल. आमच्या महामार्गावरील कोणताहि मालमोटारवाला हा शब्द आपल्या परीनें उच्चारतो आणि त्याचा अर्थ प्राध्यापकांपेक्षां अधिक चांगला जाणतो.

ही युक्ति समजून घेण्यास दूर जावयास नको. औताला जुंपलेल्या बैलजोडीचें जूं पाहावें. जुवाच्या मधोमध औताची दांडी बांधलेली असते. एक बैल पाऊलभर पुढें गेला आणि दुसरा मागें राहिला, तर जूं तिरकें होतें. परंतु औत थांबत नाहीं. तें दोघांच्या सरासरी चालीनें पुढें जातें. आणि मौज अशी कीं, जूं थोडें तिरकें झालें तरी दोघांच्या मानेवरील ओढ जवळजवळ सारखीच राहते. मात्र जूं कितीहि तिरकें होऊन चालत नाहीं. त्यास मर्यादा आहे. आतां हेंच जूं गोल गोल फिरूं शकेल असें करा. काठीऐवजीं दांत्यांचें एक लहान चक्र घ्या, त्याच्या एका कडेला डाव्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचें चक्र भिडवा, दुसऱ्या कडेला उजव्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचें, आणि त्या लहान चक्राचा मध्य पुढें ओढण्याचें काम इंजिनाकडे द्या. झालें डिफरन्शियल. गाडी सरळ चालली असतां हें लहान चक्र स्वतःभोंवतीं फिरतच नाहीं; तें नुसतें जुवाप्रमाणें दोघांना ओढीत राहतें. वळण आलें कीं तें हळूच फिरूं लागतें, आणि एका चाकाचा जितका वेग कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो.

मालमोटारीच्या मागें वांकून पाहिलें तर दोन चाकांच्या मध्यें भोपळ्यासारखा फुगीर लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या पोटांत हा सारा संसार असतो. इंजिनाकडून गाडीखालून येणाऱ्या लांब दांड्याच्या टोकाला एक लहान दंतचक्र असतें. मिस्त्री त्याला पिनियन म्हणतात. तें एका मोठ्या चक्राला, म्हणजे क्राऊनला, फिरवितें. या जोडीचें काम दुहेरी असतें. गाडीच्या लांबीच्या दिशेनें आलेली फिरकी ती आडव्या आंसाकडे वळविते, आणि वेग कमी करून जोर वाढविते. साध्या मोटारींत लहान चक्राचे चारएक फेरे झाले म्हणजे मोठ्याचा एक होतो. जड मालमोटारींत सहा-सात फेऱ्यांना एक. लळिंगचा घाट किंवा चाळीसगांवाहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट भरल्या गाडीनें चढतां येतो, त्यांत इंजिनाइतकाच या प्रमाणाचाहि वांटा आहे. १९२६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें हें लहान चक्र मोठ्या चक्राच्या मध्याखालीं उतरविण्याची पद्धत मोटारींत आणली. त्यामुळें खालचा दांडा खालीं गेला आणि मोटारीचा तळ बुटका करतां आला. परंतु या रचनेंत दांते एकमेकांवर नुसते टेकत नाहींत, घसरतातहि. म्हणून त्यांना साधें तेल चालत नाहीं, त्यासाठीं खास दाट तेल लागतें. वंगणाचा नळा गेला. वंगण कांहीं सुटलें नाहीं.

एकदां डोळ्यांना संवय झाली कीं, धुळ्याहून पारोळें-एरंडोलवरून जळगांवास जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर आंसांचें एक प्रदर्शनच मांडलेलें दिसतें. मालमोटारीच्या मागच्या चाकाच्या मध्यावर बोल्टांचें एक कडें असतें. तें आंतल्या दांड्याचें टोक. येथें ओझें वाहतें बाहेरचें जाड लोखंडी कवच. आंतल्या दांड्याला फक्त पीळ सोसावयाचा असतो. म्हणून तो तुटला तर चाक गाडीखालून निखळत नाहीं, आणि रस्त्याच्या कडेला चाक न काढतां, ते बोल्ट सोडून, दांडा ओढून काढतां येतो. लहान मोटारींत, विशेषतः जुन्या पद्धतीच्या, तोच एक दांडा पीळहि सोसतो आणि ओझेंहि वाहतो. तो मोडला तर चाकासकट बाहेर येण्याचें भय असतें. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसडरचा मागचा आंस सजीव होता आणि लोखंडी पाट्यांच्या कमानींवर बसलेला होता. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति आली आणि मध्यमवर्गाच्या दारांतील आंसाचा स्वभावच बदलला. तिचें इंजिनहि पुढें आणि ओढहि पुढच्या चाकांकडे. मागचा आंस पुन्हां निर्जीव, म्हणजे बैलगाडीच्या आंसाचा सुशिक्षित वंशज. अधिक महागड्या कांहीं मोटारींत मागचीं दोन चाकें एकाच आडव्या दांड्याला बांधलेलींच नसतात; एक खड्ड्यांत गेलें तरी दुसऱ्याला त्याची खबर नसते. मागें इंजिन असलेल्या रिक्षांत तो भोपळा इंजिनाशेजारींच असतो. विजेच्या रिक्षांत इंजिनच नाहीं. लहानशी मोटर थेट मागच्या आंसाला येऊन चिकटली आहे.

मालमोटारी आणि बसगाड्या यांचा जोर मागच्याच चाकांना कां, असें कोणी विचारील. कारण सोपें आहे. ओझें मागें असतें, आणि चढावर तें आणखी मागें रेलतें. ज्या चाकावर भार, त्याचीच जमिनीवर पकड. एस्. टी. च्या शेवटच्या बांकावर बसणाऱ्यालाहि मागच्या आंसाचा परिचय कमरेंतून होतो. तो बांक आंसाच्याहि मागें असतो आणि आंस उसळला म्हणजे तो दुप्पट उसळतो. म्हणून जाणतीं माणसें जागा धरण्यासाठीं खिडकींतून रुमाल टाकतांनाहि तो पुढच्या बांकावर टाकतात.

आंस मोडतो तेव्हां गाडीवाल्याचें नुकसान होतें. आंसावर अति भार घातला कीं सर्वांचें होतें. १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर गाड्या चालविण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यावरून असें दिसलें कीं, रस्त्याची झीज आंसावरील भाराच्या सुमारें चवथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते; म्हणजे भार दुप्पट तर झीज सोळापट. आपल्याकडे चार टायरांच्या एका आंसावर १०.२ टन भाराची मर्यादा होती. २०१८ सालीं ती ११.५ टन झाली. जास्त माल न्यावयाचा असल्यास आंस वाढवावे, एकावर लादूं नये, हें तत्त्व दहा, बारा, चौदा चाकी गाड्यांच्या मुळाशीं आहे. घरोघरीं हा नियम पाळला जातो असें मात्र म्हणवत नाहीं.

आतां डिफरन्शियलच्या दोषाविषयीं सांगितलें पाहिजे, कारण त्याच दोषानें मला या विषयाच्या नादीं लाविलें. तें दोन्ही चाकांना सारखाच जोर देतें. कमी नाहीं, जास्त नाहीं. ऐकावयास हा न्याय निर्दोष वाटतो. परंतु एक चाक चिखलांत गेलें कीं, त्याला फिरण्यास जोर फारच थोडा लागतो. आणि त्याला जेवढा लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. परिणाम असा कीं चिखलांतलें चाक वेड्यासारखें गरगरतें, आणि कोरड्या जमिनीवरचें, सारी गाडी बाहेर काढण्याची कुवत असलेलें चाक, स्वस्थ उभें राहतें. कर्णाच्या रथाला डिफरन्शियल नव्हतें. परंतु घोडे असूनहि रथ हलूं नये या त्याच्या दुःखाची कल्पना काळ्या जमिनींत रुतलेल्या गाडीपाशीं उभें राहिलें म्हणजे चांगली येते.

आमचे वडील नांगराला बैल जुंपीत तेव्हां जोडींतला एखादा थकलेला किंवा नवखा असला, तर दांडीची गांठ जुवावर चार बोटें सरकवून घेत. लांब बाजू दुबळ्याला, आंखूड बाजू सशक्ताला. म्हणजे दुबळ्याच्या मानेवरची ओढ तेवढी हलकी होई. मोटारीच्या डिफरन्शियलला ही दया ठाऊक नाहीं. तें कायमचें निम्में निम्में करतें.

वडील वारल्यावर मीं आणि माझे थोरले बंधु दादा यांनीं असाच एक निम्म्याचा नियम केला होता. शेत वांटलें नाहीं. तें दादानें करावें, आणि आईचा सारा खर्च दोघांनीं अर्धा अर्धा सोसावा. नियम दादाचाच, आणि त्यांत त्याचा मान गुंतलेला. मी धुळ्यास एका महाविद्यालयांत नोकरीस होतों; पाऊस पडो वा न पडो, पहिल्या तारखेला पगार होत असे. दादाचें सारें केळीच्या बागेवर. दहा-बारा वर्षांपूर्वीं आईला अर्धांगवायूचा झटका आला, आणि त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस वादळानें कापणीला आलेली बाग एका रात्रींत आडवी केली. जळगांवच्या डॉक्टरांनीं सांगितलें होतें कीं, आईच्या हातापायांना जाणत्या माणसाकडून रोज व्यायाम झाला तर ती उठेल. पहिले कांहीं महिनेच महत्त्वाचे. दादाच्यानें तेवढा अर्धा भाग निघत नव्हता, आणि माझ्याकडून अर्ध्यापेक्षां पै अधिक घेण्यास तो तयार नव्हता. “आईचा निम्मा खर्चहि मला झेपत नाहीं असं गांवांत म्हणवून घेऊं?” असें तो विचारी, आणि यापुढें बोलणें खुंटे. रोजचा व्यायाम आठवड्यांतून एकदांवर आला. माझ्याजवळ पैसे होते आणि ते आईच्या कामीं येत नव्हते.

आषाढांत मी गांवीं गेलों, तेव्हां नव्या बागेसाठीं केळीचे कंद शेतांत नेण्याचें काम चाललें होतें. बांधाजवळ ट्रॅक्टरचें उजवें चाक ओलींत गेलें. पुतण्यानें जोर दिला. उजवें चाक चिखल उडवीत जागच्या जागीं फिरूं लागलें, डावें कोरड्या बांधावर निश्चल. दादा लांबूनच ओरडला, “लॉक दाब!” पुतण्यानें टांचेखालचें एक लहान पायटें दाबलें. आंतलीं चक्रें एकमेकांत अडकलीं, दोन्ही चाकें आगगाडीच्या चाकांसारखीं एक झालीं, डाव्यानें जमीन धरली आणि ट्रॅक्टर हुंदका दिल्यासारखा वर आला. तोंच दादा पुन्हां ओरडला, “सोड आतां, वळायचंय!”

मग आम्ही बांधावर बसलों. मीं विचारलें, “दोन्ही चाकांना जोर सारखा असतो म्हणतोस, मग कोरड्यांतलं कां थांबलं?”

“सारखा म्हणजे चिखलांतल्याइतकाच,” दादा म्हणाला. “त्याला लागतोच थोडा. म्हणून ह्यालाहि थोडाच.”

हा प्रश्न मीं हेतु धरून विचारला असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं. दादा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. चुना-तंबाखू मळून झाली, ती तोंडांत गेली, ट्रॅक्टर शेताला एक फेरी घालून आला. नंतर माझ्याकडे न पाहतां तो म्हणाला, “डॉक्टर रोज व्यायाम सांगतो ना? मग एवढ्या सालापुरतं लॉक लाव. बाग कापली कीं सोडायचं मात्र.”

आईला जळगांवास ठेवलें. चार महिन्यांनीं ती काठी घेऊन अंगणापर्यंत चालूं लागली, आणि पुढें अडीच वर्षें आपल्या हातानें जेवली. दुसऱ्या वर्षीं बाग कापल्यावर दादा धुळ्यास आला आणि त्या महिन्याच्या खर्चाचा अर्धा भाग पाकिटांत घालून माझ्यापुढें ठेवला. मीं तो घेतला. नको म्हणणें सोपें होतें आणि चांगलेंहि दिसलें असतें. परंतु घट्ट जमिनीवर लॉक दाबून ठेवलें तर गाडी सरळच जाऊं पाहते, वळतां वळत नाहीं, आणि शेवटीं दांडे किंवा दांते तुटतात. हें मला दादानेंच त्या बांधावर समजावून सांगितलें होतें.

यंत्रांवरून माणसांना धडे देण्याची मला हौस नाहीं. यंत्राला अभिमान नसतो. त्याचें पायटें चालकाच्या टांचेखालीं असतें आणि दाबलें कीं काम होतें. घरांत तें पायटें चिखलांत सांपडलेल्याच्या हातीं असतें. त्यानें म्हटल्याखेरीज दुसऱ्याला आपली सारी शक्ति लावतां येत नाहीं. अलीकडच्या मोटारींत तर हेंहि काम संगणकाकडे गेलें आहे. गरगरणाऱ्या चाकाला तो क्षणभर ब्रेक लावतो, आणि त्या अडथळ्यामुळें दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. जुने चालक हातब्रेक अर्धवट ओढून हीच युक्ति करीत असत. युक्त्या वाढतील, आणि विजेच्या गाड्यांत प्रत्येक चाकाला वेगळी मोटर आली तर तो भोपळाच उरणार नाहीं. परंतु दोन चाकांची वाट सारखी नसते आणि ओझें मात्र एकच असतें, ही गोष्ट कांहीं बदलणार नाहीं.

तूर्त ज्यांच्या गाडीला सजीव आंस आहे त्यांनीं एक करावें. गाडी सपाट जागीं उभी करून, ती थंड झाल्यावर, त्या गोळ्याच्या कडेचें बूच मिस्त्रीकडून उघडवावें आणि आंत बोट घालून पाहावें. तेल भोंकाच्या कांठाशीं लागलें तर ठीक. न लागलें तर भरावें. आणि बोटावर लोखंडाची चमकणारी बारीक कणी फार दिसली तर दांते झिजत आहेत असें समजावें. आवाज येऊं लागेपर्यंत थांबूं नये. कोरड्या आंसाचा आवाज आमच्या वडिलांना रात्रींच्या झोंपेंतहि कळत असे. आपल्याकडे मोटारीच्या कांचा बंद असतात.